मदत हवी आहे: यमनच्या चालीला कॉर्ड लावले की यमन जातो, आणि सम कटवर पडत नाही

सुरपेटी:
लघुपटातल्या ५२ सेकंदांच्या प्रसंगाला पार्श्वसंगीत करतेय. संपादन लॉक झालंय (आता बदलणार नाही), सेकंदाला २४ फ्रेम. बासरीची चाल यमनमध्ये, षड्ज पांढरी एक (सी). लय ९० बीपीएम (मिनिटाला ९० ठोके), केरवा तालाचं एक आवर्तन चार ठोक्यांच्या एका बारमध्ये.

गिटारवर सी, एफ, जी सेव्हन लावले की बासरीचा तीव्र मध्यम (एफ शार्प) बेसूर वाटतो. एफऐवजी डी मेजर घेतला तर बेसूरपणा जातो, पण चाल पंचमावरच संपल्यासारखी वाटते. दुसरं, २१.६ सेकंदांना दार उघडतं, तिथे सम (आवर्तनाचा पहिला ठोका) हवी. ती जरा आधीच येते. ८ ते १४ सेकंदांत संवाद आहेत, त्यांच्याही आड बासरी येते. काय करू?

डावा_हात:
एफ मेजर म्हणजे म-ध-सा, आणि त्यातला म शुद्ध. वर बासरी तीव्र म धरून बसली की दोन मध्यम एकमेकांना टोचणारच. जी सेव्हनमध्येही हाच एफ दडलेला असतो. साधा जी मेजर घ्या.

डीचं दुखणं वेगळं आहे. सीपासूनच्या यमनचे सात स्वर आणि जी मेजरचे सात स्वर एकच. त्यामुळे डीनंतर जी आला की तीव्र म पंचमात विसावतो आणि पंचमच षड्ज होऊन बसतो. एकही स्वर यमनाबाहेरचा नाही, हलला तो षड्ज.

म्हणून बेसमध्ये सी सोडू नका. डी मेजर वाजवा, पण त्याच्या खालीही सीच. चेलोवर खर्ज (खालचा सा) धरून वर सी मेजर, डी मेजर, ए मायनर फिरवा. डीला लागून जी टाळा. चाल नी-रे-ग अशी उठत असेल तर गिटारचा सा त्या नीला चिकटून नको, एक सप्तक खाली घ्या.

अडाणा:
एफचा मोह सुटत नसेल तर यमनकल्याणची वाट आहे. तिथे शुद्ध म दोन गंधारांच्या मध्ये येतो: ग म ग रे. एफ मेजर तेवढ्या म पुरताच. सगळीकडे पसरलात तर बिलावल (सगळे शुद्ध स्वर असलेला राग) ऐकू येईल.

आणखी एक. बासरीवाला तानपुऱ्याशी मिळवून वाजवत असेल तर त्याचा गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट (अर्धस्वराचे शंभर सेंट) खाली असतो. पॅडवरही (मागे लांब धरलेल्या सुरांवरही) तोच ग धरलेला असेल तर ६५९ हर्ट्झच्या ईपाशी स्वर सेकंदाला पाचेक वेळा डोलतो. लोक मग बासरीवाल्याला दोष देतात! पॅडमधून ग काढा, नुसता सा-प ठेवा.

टाइमकोड:
समेचं गणित: सेकंद × लय ÷ ६०. २१.६ × ९० ÷ ६० = ३२.४ ठोके. बत्तीस ठोके २१.३३ सेकंदांतच संपतात, म्हणून तुमची सम साडेसहा फ्रेम आधी पडते. संगीत ०.२७ सेकंद उशिरा सुरू करा, लयीला हात लावायचं कारण नाही. पहिला कटही (प्रसंगाची सुरुवात) ठोक्यावर हवा असेल तरच लय बदला: ३२ × ६० ÷ २१.६ = ८८.८९. मात्र हे बासरी रेकॉर्ड करण्याआधी ठरवा, नंतर ताणलेली बासरी फुंकेपाशी फाटते.

दार बत्तिसाव्या ठोक्यावर नाही, तेहतिसाव्यावर, म्हणजे नवव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर येतं. इथे हमखास घोळ होतो. आणि आघात कटच्या एखादी फ्रेम नंतर ठेवा; चित्राआधी ऐकू आलेला आवाज लगेच खटकतो.

‘२४ फ्रेम’ म्हणजे खरंच २४ की २३.९७६, हे संपादकाला विचारून घ्या. गल्लत झाली तर ५२ सेकंदांत सव्वा फ्रेमचा फरक पडतो. एवढ्या तुकड्यात चालून जाईल, पूर्ण लघुपटात नाही.

सुरपेटी:
धन्यवाद! खर्ज धरल्यावर यमन परत आला. पण तो दारापर्यंत एकसुरी वाटतोय. संवादांचंही सांगा ना कुणीतरी.

डावा_हात:
खर्ज अखंड नको, प्रत्येक बारच्या पहिल्या ठोक्यावर वाजवून विरू द्या. आठव्या बारमध्ये बेस सीवरून बीवर उतरवा, वर बी मायनर (नी-रे-तीव्र म), आणि दारावर परत सी. सात बार न हललेला बेस तिथेच हलला की नीवरून सावर येणं बरोबर लागतं. त्याआधी कुठेही हलवू नका.

टाइमकोड:
९० लयीत एक बार २.६७ सेकंदांचा. संगीत ०.२७ उशिरा धरलं तर चौथा बार ८.२७ ला सुरू होतो. बासरी तिसऱ्या बारच्या चौथ्या ठोक्याआधी सोडा आणि सहाव्या बारच्या दुसऱ्या ठोक्यावर परत घ्या, तोवर १४.२७ झालेले असतात. मध्ये फक्त पॅड आणि खर्ज. पॅडचा १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा २-३ डेसिबल उतरवा, व्यंजनं तिथेच स्पष्ट होतात. नुसता आवाज कमी केलात तर संगीतही जातं आणि शब्दही नीट कळत नाहीत.

फाइल ४८ किलोहर्ट्झची द्या. बासरी, पॅड, बेस वेगवेगळे. ४४.१ची फाइल कुणी रूपांतर न करता ४८ म्हणून वाजवली तर सगळं जवळपास दीड अर्धस्वर वर चढतं, आणि समही दाराच्या पावणेदोन सेकंद आधी.