प्रवासात भेटलेले अंडरग्राउंड कलाकार : तुमचे अनुभव सांगा

बस, ट्रेन, मेट्रो, कशातही शेजारी बसलेला माणूस बँडवाला निघाला असं कुणाचं झालंय का? फेमस नको. ज्यांचं गाणं रेडिओवर कधीच लागणार नाही आणि ज्यांना त्याचं फारसं काही वाटतही नाही असे. सुरुवात मी करतो.

रात्रीची शेवटची बस, समोर एक जण, काळा टीशर्ट आणि त्यावर झाडाची मुळं गुंतल्यासारखं काहीतरी छापलेलं (ते बँडचं नाव होतं हे नंतर कळलं, वाचता येत नाही तेच म्हणे बरोबर) आणि दोन्ही पाय एकसारखे थडथडत होते, इतके की मला वाटलं ह्याला काहीतरी त्रास होतोय. शेवटी न राहवून विचारलं, बरं वाटत नाहीये का? त्याने हेडफोन काढून माझ्या कानाला लावला तर आत नुसती टिकटिक. मेट्रोनोम, मिनिटाला २०० ठोके. डेथ मेटल (एकदम कर्कश, सुसाट रॉक) बँडचा ड्रमर होता आणि डबल पेडलचा, म्हणजे दोन्ही पायांनी ड्रम वाजवायचा, रियाज बसमधेच उरकत होता, कारण घरी ड्रम वाजले की शेजारी दार वाजवतात. शोला तीसेक लोक येतात म्हणाला, त्यातले दहा पुढच्या बँडचे. उतरताना हातात कॅसेट ठेवली. आत्ताच्या काळात कॅसेट! तर म्हणे विनाइलची तबकडी छापायची तर ऑर्डर मोठी द्यावी लागते, कॅसेट घरी बसून वीस काढल्या तरी चालतं. कव्हर झेरॉक्सचं. माझ्याकडे प्लेअर नाही त्यामुळे अजून ऐकलेली नाही, पण टाकवतही नाही.

----

माझा छोटासाच. शेजारचा मुलगा स्वतःशी पुटपुटत होता, मधेच बोटं मोजायचा, मधेच मान झटकायचा. मी घाबरून उठलो आणि दुसरीकडे जाऊन बसलो. थोड्या वेळाने तो मित्राला फोनवर सांगत होता, सोळा बार (रॅपच्या ओळी) झाले, शेवटच्या दोन ओळींचं यमक बसत नाहीये. रॅपर! अजून लाज वाटते.

----

मी उलटं सांगते. मला भेटलेल्याने माझं स्टेशन येईपर्यंत सोडलं नाही, फॉलो करा, सबस्क्राइब करा, हे ऐका, आता ते ऐका. ऐकलं. बेकार होतं. अंडरग्राउंड आहे म्हणजे भारीच असणार असं काही नसतं हो.

----

ओळखू न येण्यावरून आठवलं. १२ जानेवारी २००७ ला जोशुआ बेल, जगभर नावाजलेला व्हायोलिनवादक, वॉशिंग्टनच्या मेट्रो स्टेशनवर टोपी घालून व्हायोलिन वाजवत उभा राहिला होता, ४३ मिनिटं, समोरून हजारावर लोक गेले आणि थांबले सात. जमले ३२ डॉलर आणि वर चिल्लर. अर्थात तो अजिबात अंडरग्राउंड नाही, स्टेशन तेवढं जमिनीखालचं.

----

माझी आर्टिस्ट गाणारी नव्हतीच. ट्रेनच्या दाराशी एक मुलगी छोटा रेकॉर्डर धरून उभी, आणि मी बाजूलाच बहिणीशी फोनवर कडाकडा भांडत होते, कपाटाच्या चावीवरून. फोन ठेवल्यावर ती अगदी हळू आवाजात म्हणाली, ताई, मी ब्रेकचा आवाज घेत होते त्यात तुम्ही आलात, ठेवू का? मला आधी रागच आला. मग बोलणं झालं. ती असल्या आवाजांचेच ट्रॅक बनवते, ना ताल ना सूर. मी म्हटलं ह्याला संगीत कोण म्हणतं, तर हसून म्हणाली पिएर शेफर नावाच्या फ्रेंच माणसाने १९४८ लाच रेल्वेच्या आवाजांची रचना केलीय, मी कसली नवीन. काही महिन्यांनी तिने लिंक पाठवली. नऊ मिनिटांचा ट्रॅक, सात मिनिटं नुसती चाकं आणि मग एकदम मी, "अगं पण ठेवलीस कुठे, ठेवलीस कुठे, ठेवलीस कुठे", लांब लांब जात जात बोगद्यात शिरल्यासारखी. अंगावर काटा आला खरंच.

----

लिंक द्या की ताई!

----

नाही देणार. बहिणीला अजून सांगितलेलं नाही. आणि चावी माझ्याच पर्समधे होती.