जिन्यातला कॅमेरा कुणासाठी?

तिसरा मजला : सोसायटीनं जिन्यात कॅमेरे बसवले, त्याबद्दल तक्रार नाही, सायकली जात होत्या. पण गेल्या आठवड्यात सेक्रेटरींनी रात्री पावणेदोनची क्लिप ग्रुपवर टाकली. समोरच्या फ्लॅटमधली भाडेकरू मुलगी, हातात हेल्मेट, मित्र दारापर्यंत सोडायला आलेला. खाली ओळ : 'वॉचमन झोपला होता का?' त्यावर सोळा अंगठे. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आमच्या जिन्यात तो लागू नाही का?

गिरगावकर : जिना सामायिक असतो हो. मी चाळीत वाढलो. कोण कधी आलं, कुणाकडे बोंबील तळतायत, सगळं सगळ्यांना ठाऊक. कुणाचं काही बिघडलं नाही. उलट एखाद्या म्हाताऱ्याचं दार सकाळी उघडलं नाही तर दहा जण धावायचे. खासगीपणा हे ब्लॉकवाल्यांचं खूळ.

काळा कोट : काका, चाळीत बघणारा स्वतःही दिसायचा, त्याच्याशी भांडता यायचं. इथे? शिवाय 'सामायिक जागा, मग हक्क कसला' हे जुनंच आहे. १९६२ च्या खरकसिंग खटल्यात कोर्टानं पोलिसांचं रात्री घरी येऊन दार ठोठावणं बंद केलं, पण माणूस कुठे जातो-येतो यावर पाळत चालू दिली; खासगीपणाचा हक्क घटनेत नाही म्हणे. तो भाग २०१७ ला खोडला गेला. मात्र धागाकर्त्याचीही गफलत होतेय. घटनेचं कलम २१, ज्यात हा खासगीपणाचा हक्क येतो, मुख्यतः सरकारविरुद्ध चालतं, सेक्रेटरीविरुद्ध सहसा नाही. तो विषय सर्वसाधारण सभेत काढा.

एक सून : सासूबाईंची चेन जिन्यातच ओढली. मानेवर वळ उठला होता. चोर फुटेजमुळेच सापडला. तत्त्वज्ञान नंतर.

तिसरा मजला : ते फुटेज पोलिसांना दिलंत ना? ग्रुपवर तर नाही?

एक सून : ग्रुपवर पण टाकलं होतं. चोराचं तोंड लोकांना कळायला नको? पण ही मुलगी चोर नाही, हे मान्य. क्लिप काढायला हवी होती.

गिरगावकर : आमच्याकडे असलं काही झालं तर आधी त्या पोरीच्या कानावर घातलं असतं. ती काय म्हणाली?

तिसरा मजला : ती ग्रुपवर नाही. भाडेकरूंना घेत नाहीत. तिला अजून माहीतच नाही. लिफ्टमध्ये रोज भेटते, मीही सांगितलेलं नाही.