ई-कॅडहेरिनचा रंग कुठे बसलाय ते आधी बघा
ई-कॅडहेरिन (पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं प्रथिन) कमी म्हणजे मूत्राशयाची कर्करोगाची गाठ आक्रमक, हे चर्चेतलं म्हणणं ढोबळमानाने पटतं. पण तुकड्यावर हे प्रथिन दाखवणारा रंग लावल्यावर नुसतं 'पॉझिटिव्ह-निगेटिव्ह' वाचून उपयोग नाही. रंग पेशीच्या कडेला सलग हवा. तो तुटक झाला किंवा आत सायटोप्लाझममध्ये (पेशीच्या आतल्या द्रवात) सरकला, तर चिकटण्याचं काम बिघडलेलंच असतं. दुर्बिणीतून खरवडून काढलेल्या तुकड्यांत विजेने भाजलेल्या कडा असतात, तिथे रंग फसवा येतो. ती जागा मोजू नये. त्याच काचेवर निरोगी युरोथेलियम (मूत्राशयाचं आतलं अस्तर) असेल तर तुलना त्याच्याशी करावी.

चर्चेत मूत्राशयाच्या कर्करोगाचा प्लाझ्मासायटॉइड प्रकार (यातल्या पेशी प्लाझ्मा पेशींसारख्या दिसतात) राहिलाच. त्यात बहुतेकदा ई-कॅडहेरिन बनवणारं सीडीएच१ जनुकच बिघडलेलं असतं, पेशी सुट्या होऊन पोटाच्या आवरणात पसरतात. शिवाय सीडी१३८ (प्लाझ्मा पेशींची खूण) पॉझिटिव्ह येतं, म्हणून मायलोमा (प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) समजण्याची चूक होऊ शकते. सोबत गाटा३ आणि सायटोकेरॅटिन (गाठ मूत्राशयाच्या अस्तराची आहे हे ओळखायला मदत करणाऱ्या खुणा) लावावंच.