मदत हवी आहे : आजोबांच्या सामुदायिक शेती संस्थेची जुनी कागदपत्रं कुठं मिळतील?

नमस्कार मंडळी. आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. आजोबा गावच्या सामुदायिक शेती सोसायटीचे सभासद होते. नागपूर काँग्रेसनं १९५९ साली सहकारी शेतीचा ठराव केला, त्या वाऱ्यात ही सोसायटी उभी राहिली, असं ते सांगायचे. बांध मोडून रानं एक केली, नदीवर इंजिन बसवलं. म्हैसाळला मधुकरराव देवलांनी दलित कुटुंबांना घेऊन केलेला सहकारी शेतीचा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे, आमच्या गावाबद्दल मात्र कुठंच एक ओळ नाही. ट्रंकेत एक शेअर सर्टिफिकेट आणि कसर लागलेलं ठराव बुक सापडलं, त्यात अंगठेच जास्त. ते बघून गलबलून आलं.

फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढतोय. पण नोंदणी आणि ऑडिटचे अहवाल सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकांकडं मागायचे की सांगलीला जिल्हा उपनिबंधकांकडं? १९६० पर्यंत आपला जिल्हा दक्षिण सातारा होता आणि १९४९ च्या आधी वाळवा तालुका सातारा जिल्ह्यातच, म्हणून जमिनीचे त्याआधीचे कागद साताऱ्याला शोधावेत का? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा. त्या वेळचे दोनच सभासद आता हयात आहेत, त्यांच्याशी बोलताना काय काय विचारावं, हेही सुचवा.