बाप्तिस्म्यावरून घरात दर रविवारी वाद. काय करू?

नगरची_सून:
जय ख्रिस्त. आमचं घर तीन पिढ्यांपासून सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. धाकटे दीर दोन वर्षांपूर्वी एका नव्या मंडळीत (चर्चमध्ये) जायला लागले आणि हौदात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून रविवारी जेवायला आले की सुरू: "वहिनी, डोक्यावर पाणी शिंपडणं म्हणजे बाप्तिस्मा नव्हे." परवा मटणाच्या रश्श्यावर चरबी गोठून पांढरी झाली, तरी दोघे भाऊ बायबल उघडून बसलेले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "मग माझं काय आता?" तिथे माझा तोल गेला. वाट्टेल ते बोलले. भाऊजी न जेवता उठले.
पुढच्या महिन्यात बाळाचा बाप्तिस्मा आहे. त्यांना बोलवायचंय, पण पुन्हा तोच तमाशा नको.

पाळकाचा_पोर:
बायबलमधल्या तीताच्या पत्रातलं 3:9 तेवढं त्यांना पाठवू नका. वाद टाळा असं सांगणारं ते वचन मी भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, तर त्यावरूनच आठवडाभर जुंपली.

निवृत्त_मास्तर:
सूनबाई, 1970 साली सीएनआय झाली तेव्हा त्यात मोठेपणीच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही आले आणि लहान बाळांनाही देणारे अँग्लिकनही. म्हणून आपल्यात लहान मुलांचा बाप्तिस्माही चालतो आणि मोठेपणी घेतलेलाही. बायबलात करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल काय म्हणतो बघा: क्रिस्प आणि गायस सोडून तुमच्यापैकी कुणाचा बाप्तिस्मा मी केला नाही, बरंच झालं! मग आठवतं, हो, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला होता. तिथे 'मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा' अशी गटबाजी चालली होती, त्याला वैतागून लिहिलंय ते.
पण हे दिरांना ऐकवू नका, त्यांच्याकडेही वचनं तयार असतील. हे सासूबाईंना वाचून दाखवा. खरा घोर त्यांना लागलाय.

नगरची_सून:
मास्तर, काल रात्री वाचून दाखवलं. "पौलसुद्धा विसरायचा की!" म्हणून हसल्या.
मग भाऊजींना फोन केला. आधी माफी मागितली. बाप्तिस्म्याचा विषय काढला नाही, फक्त म्हटलं, आईंना देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत, हाताला धरून न्यायला तुम्ही हवेत. जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "येतो, पण आमेन म्हणणार नाही हं."
म्हटलं, नका म्हणू. येताना तेवढा केक आणा.