लाईट-पाण्यासकट भाडं: शहरात परवडणारं घर शोधतानाचे अनुभव

निशिगंध:
माझा भाचा जूनमध्ये पुण्यात येतोय, पहिलीच नोकरी, ऑफिस बाणेरला, सोबत गावाकडचाच मित्र. दोघांचं मिळून बजेट चौदा हजार आणि त्यातच लाईट, पाणी, मेंटेनन्स सगळं बसायला हवं कारण दोघांनाही घरी पैसे पाठवायचेत. गेले दोन रविवार मी त्यांच्यासाठी फिरतेय, "सगळं इन्क्लुडेड आहे मॅडम" हे चार ठिकाणी ऐकलं आणि चारही ठिकाणी "सगळं" वेगळं निघालं. एकीकडे फक्त मेंटेनन्स, दुसरीकडे लाईट भाड्यात पण गिझर लावायचा नाही. तुम्ही असं घर शोधलं असेल, राहिला असाल, स्वतःचं भाड्याने दिलं असेल तर काय झालं ते लिहा, आकड्यांसकट लिहा.

आडवाट:
मी आधी सहा महिने कॉट बेसिसवर काढले, मग 2017 ते 2020 कर्वेनगरला एका बंगल्याच्या मागे काढलेल्या चार खोल्यांपैकी एकीत. भाडं साडेसहा हजार, पाणी त्यात, लाईट सबमीटरवर युनिटला बारा रुपये. मला वाटायचं महावितरणचा रेटच तेवढा असेल. नंतर कळलं की चार खोल्या आणि मालकांचं घर मिळून मेन मीटर एकच, म्हणजे माझे साठ-सत्तर युनिट सगळ्यांच्या बेरजेत जाऊन 300 च्या आणि उन्हाळ्यात 500 च्या वरच्या स्लॅबात (म्हणजे वापर जास्त तसा युनिटचा दर चढा) पडायचे, स्वतंत्र मीटर असतं तर मी 100 च्या आतल्या सगळ्यात स्वस्त स्लॅबात राहिलो असतो. मालक वाईट नव्हते, त्यांनाच तसं बिल यायचं. जिन्याखाली लाकडी फळीवर चार सबमीटर ओळीने, माझा तिसरा, काच धुरकट झालेली, एक तारखेला ते बॅटरी घेऊन वाकून रीडिंग वहीत लिहायचे. एकदा 41 चे 71 झाले. माझ्याकडे मोबाईलमध्ये फोटो होता, दाखवला, त्यांनी तिथल्या तिथे खोडून दुरुस्त केलं. ताई, भाच्याला सांगा खोली नंतर बघ, आधी मीटर बघ, त्यावर किती घरं आहेत ते विचार.

कोथरूडच्या काकू:
मी घरमालकीण, म्हणून दुसरी बाजू सांगते. हे गेल्यावर वरचा मजला भाड्याने द्यायला लागले, पहिल्या वर्षी सगळं भाड्यातच धरलं होतं. मुलं चांगली होती हो, पण दोघांचं काम घरूनच, दिवसभर कूलर, मे महिन्याचं बिल 3100 आलं आणि मला बोलायला संकोच वाटत राहिला, मनात मात्र धुसफूस. पुढच्या करारात लिहूनच टाकलं: दरमहा 100 युनिटपर्यंत भाड्यात, वरचे जे होतील ते बिलात पडतील त्याच दराने, एक पैसा जास्त नाही. वरच्या मजल्याचं मीटर वेगळंच आहे, बिल आलं की मी ते जिन्यातल्या खिळ्याला अडकवून ठेवते, ज्याला बघायचं त्याने बघावं. सात वर्षांत एकदाही वाद नाही. निशिगंध, असं "अमुक युनिटपर्यंत" ठरवणारे मालक शोधा, सगळंच फुकट म्हणणाऱ्यापेक्षा ते बरं.

पाणकोंबडी:
उंड्रीत राहिले दोन वर्षं. "पाणी भाड्यात" खरं होतं, पण कुठलं पाणी ते मी विचारलंच नाही. बोअर आणि टँकर. डिसेंबरमध्ये फ्लॅट बघितला तेव्हा नळ फुल प्रेशरने चालू, एप्रिल आला आणि सोसायटीने टँकरसाठी घरटी 900 रुपये जादा लावले, ओनर म्हणतात मेंटेनन्स माझा, टँकर तुमचा. करारात एक ओळ नव्हती त्यामुळे मीच भरले. बोअरच्या पाण्याने बादलीच्या कडेला पांढरा थर, गिझरची कॉइल एका वर्षात दोनदा गेली, तोही खर्च माझाच. बघायला जाल तेव्हा वॉचमनदादांना विचारा उन्हाळ्यात टँकर किती येतात, ते खरं सांगतात.

दस्तऐवज:
मी अ‍ॅग्रीमेंटची कामं करतो म्हणून थोडं कागदाबद्दल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार, लेखी आणि नोंदणीकृतच हवं आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो तेच धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शहरात नोंदणी फी 1000, स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, अंगठा घरबसल्या होतो, मग टाळायचं कशाला? लाईट, पाणी, टँकर, मेंटेनन्स, पाइप गॅस, प्रत्येकाचं नाव घेऊन कोण भरणार ते लिहा, "इतर खर्च" असा मोघम शब्द ठेवू नका. आणखी एक, सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेते, तो सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. काही मालक त्याच्या नावाखाली महिना हजार-दीड हजार मागतात, तेव्हा सोसायटीची पावती मागा.

श्वाबेन:
स्टुटगार्टहून. इथे भाडं दोन प्रकारचं सांगतात, काल्टमीटे म्हणजे नुसत्या घराचं आणि वार्ममीटे म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा धरून. मी वार्ममीटे बघून खूश झाले, सगळं आलं म्हणून. वीज त्यात नव्हती, ते कॉन्ट्रॅक्ट आपलं आपण करायचं, शिवाय घरटी महिना 18.36 युरो रेडिओ-टीव्हीची वर्गणी, टीव्ही असो नसो. आणि हीटिंगचे जे भरतो तो अ‍ॅडव्हान्स असतो, वर्षाचा हिशोब नंतर येतो. 2022 मध्ये गॅस भडकला, त्या वर्षाच्या हिशोबाचं पत्र आलं, वर 640 युरो भरा. मी स्वयंपाकघरातच खाली बसले. मग ऑफिसमधल्या जर्मन बाईंनी सांगितलं की मूळ बिलं बघायला मागता येतात आणि हिशोबाचं वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत मालकाने हिशोब द्यावाच लागतो. बिलं बघितली, माझ्याकडून जिन्याच्या सफाईचे दोनदा धरले होते, 85 कमी झाले, बाकीचे भरले. आता मी महिन्याला थोडे बाजूला टाकते.

जॅक्सन हाईट्स:
आमच्याकडे क्वीन्समध्ये जाहिरातीत "हीट अँड हॉट वॉटर इन्क्लुडेड" असतं, वीज आणि शेगडीचा गॅस आपला. न्यूयॉर्कमध्ये 1 ऑक्टोबर ते 31 मे हीट देणं मालकाला बंधनकारक आहे, दिवसा बाहेर 55 फॅरनहाइटच्या खाली गेलं की आत 68, रात्री कमीत कमी 62. आई आली होती तेव्हा जानेवारीत तीन दिवस रेडिएटर गार, ती दोन स्वेटर आणि शाल घालून बसायची. थर्मामीटरचे फोटो वेळेसकट काढले, 311 ला (शहराचा तक्रारीचा फोन नंबर) तक्रार केली, चौथ्या दिवशी पाइप ठोठावायला लागला आणि आई म्हणाली आला बाबा एकदाचा.

मोगरा_ऐरोली:
आम्ही तिघी, वन बीएचके, सगळं धरून एकवीस हजार. मालकीणबाई वाय-फाय पण देतात. एसीला मात्र वेगळं सबमीटर, आणि ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं म्हणून कधी खटकलं नाही.

निशिगंध:
सगळ्यांचे मनापासून आभार, काकूंचं वाचून तर लगेच फोन लावायला घेतले. सूसला एक वन आरके मिळतोय, तेरा हजार, 80 युनिटपर्यंत लाईट धरून, मीटर स्वतंत्र (जाऊन बघितलं, फोटो काढला). टँकरचं विचारलं तर मालक जरा थांबले आणि म्हणाले मार्चपासून येतो, अर्धा खर्च मी देतो. मी म्हटलं लिहून द्याल का, हो म्हणाले. नळाला पाणी सकाळी साडेसहा ते सव्वासात म्हणतायत, उद्या भाचा आणि मी सव्वासहालाच तिथे जाऊन उभे राहणार आहोत.