उत्तर: नाल्यावर फवारणीचे पंप धुणे कसे थांबवावे?

भाऊ, 'इथे पंप धुऊ नये' अशी पाटी लावूनही फरक पडला नाही, यात नवल नाही. फवारणीवाला नाल्यावर जातो कारण पाणी तिथंच आहे. आधी पाण्याची सोय वावरात करा. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून धुऱ्यावर (बांधावर) 200 लिटरचा पाण्याचा एक ड्रम ठेवायचा, नाल्यापासून आणि विहिरीपासून लांब. बैलबंडी वावरात रिकामी जातेच, ड्रमचं पाणी तिच्यातूनच नेता येतं.

औषधाचा डबा रिकामा झाला की लगेच पाव भाग पाणी घालून झाकण लावा, अर्धा मिनिट हलवा, पाणी पंपातच ओता. असं तीनदा. औषध वाळलं की चिकटतं, मग निघत नाही. शेवटी डब्याला भोक पाडा, नाहीतर तो घरी पाण्याला वापरला जातो. जाळू नका.

पंपात दोन-तीन लिटर पाणी घेऊन नोझलमधून त्याच पिकावर सोडा, हेही तीनदा. मात्र 2,4-डी हे तणनाशक मारलेल्या पंपाचं पाणी पऱ्हाटीवर (कपाशीवर) चुकूनही नको, पानं आकसून बोटांसारखी होतात. तणनाशकाचा पंप वेगळाच बरा.

2017 मध्ये यवतमाळात फवारणी करताना झालेल्या विषबाधेनंतर मास्क-हातमोज्यांवर बरंच बोलणं झालं, धुवणाच्या पाण्यावर कमी. हे पाणी नाल्यात गेलं, तर पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना अगदी थोडीही घातक.

आणि ग्रामसभेत मालकांनाच सांगून उपयोग नाही. पंप मजुराच्या पाठीवर असतो. धुण्याचा वेळ मजुरीत धरा, मग तो नाल्याकडे वळणार नाही.